हजेरीपटावरचं आपलं नाव

आम्ही चोरखमाऱ्याच्या बचत गटातून बोलतोय. लेकरं शाळेत जायला लागल्यावर आमच्यापैकी तिघींनी बी.ए.ला नाव घातलं. दोघी पास झालो, एक मधेच थांबली. शिकताना घरात आणि मनात काय बदललं, ते आज सांगतो.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झालं. रोज कॉलेजात जाता येत नाही, अशांसाठी ते आहे. पुस्तकं घरी वाचायची, ठरल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जायचं.

पहिला पेच नावाचा. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं. म्हणून अर्ज भरण्याआधीच केंद्रावर विचारा, विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. पहिल्या हजेरीला माहेरचं नाव पुकारलं, तेव्हा आमच्यातली एक 'हजर' म्हणायचंच विसरली. इतकी वर्षं ती फक्त कुणाची तरी आई होती ना!

दुसरा पेच घरचा. 'शिकू नको' असं कुणी म्हटलं नाही. पण पुस्तक उघडलं की नेमकं काहीतरी काम निघायचं. एकीचे मालक म्हणाले, "आता तू आम्हालाच अडाणी म्हणशील." आधी राग आला. मग कळलं, त्यात टोमण्यापेक्षा भीती जास्त होती. गटातल्या बायाही म्हणायच्या, "मोठी बाई झाली." ते जास्त लागलं.

हे नवं नाही. रमाबाई रानडे यांना लग्नानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवलं, तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना छळलं. नवऱ्याची साथ असूनही हे झालं. पुढे १९०९ साली त्याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि मोठ्या वयाच्या बायकांना शिकायची सोय झाली.

आम्हाला तीन गोष्टी उपयोगी पडल्या. रोवणीच्या दिवसांत पुस्तक बंद, पण परीक्षेच्या दिवसांत चूल दुसरं कुणीतरी सांभाळेल, हे घरात आधीच बोलून ठेवलं. फीसाठी गटातून कर्ज घेतलं आणि इतरांसारखंच व्याजासकट फेडलं, म्हणून कुणाला बोलायला जागा राहिली नाही. आणि वाचलेलं घरात सांगत गेलो. इतिहासातला दुष्काळ वाचला, तर सासूबाईंनी त्यांनी पाहिलेला दुष्काळ सांगितला. त्या दिवसापासून त्या विचारायच्या, "आज काय वाचलं?"

थांबलेल्या मैत्रिणीच्या घरी हे बोलणं झालंच नाही. ती पुस्तकं धानाच्या कोठीमागे लपवून वाचायची. दुसऱ्या वर्षी तेंदूपत्त्याच्या हंगामात तिची परीक्षा बुडाली. ती कमी हुशार नव्हती, एकटी पडली होती. आम्हीही तिला वेळेवर विचारलं नाही, ही आमची चूक.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणी शिकत असेल तर पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर तिच्या अभ्यासाचंही विचारा.