ताटातलं तेल-तूप (लेखांक ६) : तूप गेलं, त्या जागी काय आलं?

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागतं. इथल्या पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. देवापुढे बोकड कापू नका, हे त्यांनी जन्मभर कीर्तनातून सांगितलं. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून गोडाचं जेवण घातलं. त्यामुळे या मुलखात मांसाहाराचा विषय निघाला की बोलणं लगेच पाप-पुण्याकडे वळतं, आणि तिथून नकळत आरोग्याकडे. मटण वाईट, म्हणून ते हृदयालाही वाईट. तूप सात्त्विक, म्हणून ते हृदयालाही चांगलं. बाबांचा आक्षेप मुक्या जिवाच्या हत्येला होता आणि सणापायी गरिबाच्या डोक्यावर बसणाऱ्या कर्जाला होता. तो तेवढ्यावरच भक्कम उभा आहे, त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीचा टेकू लागत नाही. प्रकृतीचा हिशेब मात्र निराळा मांडावा लागतो. माझं म्हणणं असं की प्राण्यांपासून मिळणारी चरबी चांगली की वाईट, असा प्रश्न विचारला तर त्याचं नेमकं उत्तर मिळतच नाही. ती ताटातून कमी झाली तेव्हा तिच्या जागी काय आलं, हे विचारलं तरच उत्तर हाती लागतं.

रोडग्यांच्या पंगतीचंच बघा. गव्हाच्या जाडसर पिठाचा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून हातानेच फोडतात, आणि तो गरम असतानाच वरून तूप सोडतात. रोडगा कोरडा आणि सच्छिद्र असतो. बघता बघता सगळं तूप पिऊन घेतो आणि वाढणारा पुन्हा आग्रह करतो. अशा पंगतीत ५० ग्रॅम तूप सहज पोटात जातं. त्यात साधारण ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने संपृक्त चरबी एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. एका जेवणातच मर्यादा ओलांडली. पण रोडगे वर्षातून किती वेळा होतात? एरवीच्या दिवशी पूर्वी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, करडीच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी आणि जवसाची चटणी असे. सणाच्या तुपाने माणूस मरत नाही. रोज सकाळी काय खाल्लं जातं आणि ते कशात तळलेलं असतं, याने रक्तवाहिन्यांचं बरं-वाईट ठरतं.

याला पुरावा आहे, आणि तो चांगला मोठा आहे. अमेरिका आणि युरोपातल्या ११ दीर्घकालीन अभ्यासांतली सुमारे ३ लाख ४४ हजार माणसांची माहिती एकत्र करून २००९ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. संपृक्त चरबीतून येणाऱ्या कॅलरींपैकी एकूण आहाराच्या ५ टक्के इतका वाटा बहु-असंपृक्त तेलांनी घेतला, तर हृदयविकाराचे झटके १३ टक्क्यांनी आणि त्यातून होणारे मृत्यू २६ टक्क्यांनी कमी दिसले. तोच वाटा पिष्टमय पदार्थांनी घेतला, तर काहीच फायदा दिसला नाही. तूप तेच, माणूस तोच. फरक फक्त त्या जागेवर कोण येऊन बसलं याचा. म्हणून ‘डॉक्टरांनी तूप बंद केलंय’ असं सांगत चहाबरोबर मैद्याची खारी खाणाऱ्याने काहीही कमावलेलं नसतं. त्या खारीत वनस्पती तूप असेल, तर उलट गमावलंच. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना जी ट्रान्स चरबी तयार होते, ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते. आपल्या देशात तेला-तुपातल्या ट्रान्स चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ च्या जानेवारीत. तोवर दोन पिढ्या स्वस्त वनस्पती तुपावर वाढल्या होत्या.

इथे पहिला आक्षेप ठरलेला आहे. आमचे आजे-पणजे वाटीने तूप प्यायचे, नव्वदीपर्यंत जगले, त्याचं काय? जे नव्वदीपर्यंत जगले तेच आपल्या आठवणीत राहिले, हे एक. ते दिवसभर शेतात राबत, हे दुसरं. आणि वाटीने तूप पिणारी घरं गावात मोजकीच होती. बाकीच्यांच्या वाट्याला ताकच यायचं. यापेक्षा वजनदार आक्षेप १९६७ सालचा आहे. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची तुलना केली. दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण उत्तरेतल्यांच्या सुमारे सातपट निघालं, आणि उत्तरेतले लोक तर कित्येक पटींनी अधिक स्निग्ध पदार्थ, तेही मुख्यतः दुधातुपातले, खात होते. हा अभ्यास बाजूला सारण्याजोगा नाही. दुधातली चरबी म्हणजे विष, असं म्हणणाऱ्याचं तोंड तो बंद करतो. पण तुपामुळे ती माणसं वाचली, हे त्यातून सिद्ध होत नाही. पंजाब आणि तमिळनाडू यांच्यात फक्त तुपाचा फरक नाही. धान्य वेगळं, जेवायची तऱ्हा वेगळी, सगळी राहणीच वेगळी. दोन प्रदेश शेजारी मांडून एका पदार्थाला श्रेय देता येत नाही.

दुसरा आक्षेप वऱ्हाडाला जास्त झोंबणारा आहे, कारण तो करडीच्या तेलावर आहे. सिडनीमध्ये १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्यांना प्राणिज चरबीऐवजी करडीचं तेल आणि त्याच तेलाचं मार्गारिन दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पण २०१३ साली जुनी आकडेवारी शोधून पुन्हा तपासली, तेव्हा तेल खाणाऱ्यांतच मृत्यू जास्त निघाले: १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८. मग तूपच बरं का? नाही. सगळे प्रयोग एकत्र पाहिले, तर संपृक्त चरबी निदान दोन वर्षं कमी ठेवल्याने हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे एक षष्ठांशाने घटतात. एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसत नाही. सिडनीचा प्रयोग एवढंच शिकवतो की ‘वनस्पतीचं तेल’ हे काही एकच औषध नव्हे. करडीच्या तेलात लिनोलिक आम्ल (ओमेगा-६) पाऊणएक हिस्सा असतं आणि ओमेगा-३ जवळजवळ नसतंच. जवसाच्या तेलात याच्या उलट निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असतं. वऱ्हाडातल्या जुन्या ताटात ही दोन्ही बियाणी शेजारी नांदत होती. सोयाबीन शिवारात शिरलं तशी करडी आणि जवस दोन्ही मागे हटली, आणि स्वयंपाकघरात डबा आला तो सोयाबीनचा, नाहीतर पामतेलाचा. सोयाबीनच्या तेलात निदान थोडं ओमेगा-३ आहे. पामतेलात मात्र जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, म्हणजे तूप सोडून पामतेल धरणाऱ्याने अर्ध्या वाटेवरून माघारीच चालायला घेतलं.

आता मटण. बोकडाचं चरबी काढलेलं मांस १०० ग्रॅम घेतलं, तर त्यात चरबी साधारण ३ ग्रॅम असते. ताटात रश्शावर जी लालभडक तर्री तरंगते, ती बहुतेक डब्यातल्या तेलाची असते. त्यामुळे ‘मटणाने कोलेस्टेरॉल वाढलं’ म्हणणाऱ्याने आधी तर्रीचा हिशेब द्यावा. आणि मटण सोडून रोज कचोरी-समोसा खाणाऱ्याने कढईचा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक घटक साठत जातात. ते २५ टक्क्यांवर गेले की तेल फेकावं, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे, पण गाड्यावरच्या काळ्या कढईपर्यंत तो क्वचितच पोचतो.

मांसाबरोबर आणखी एक गोष्ट ताटातून जाते, तिच्याकडे आपण शाकाहाराचे कैवारी दुर्लक्ष करतो. बी-१२ जीवनसत्त्व निसर्गतः जवळपास फक्त प्राणिज अन्नातच मिळतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्क्यांत ते कमी निघालं. दूधही प्राणिज अन्नच, आणि पूर्णाथडी म्हशी तर इथल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्याच. तिथल्या घरात दूध विकून पोरांना कोरा चहा मिळत असेल, तर शाकाहार चुकीचा नाही, त्याची भरपाई चुकली आहे. वलगावहून हाच रस्ता पुढे परतवाड्यावरून मेळघाटात चढतो. धारणी-चिखलदऱ्याच्या कुपोषित लेकरांना चरबी कमी करा हा सल्ला लागूच पडत नाही. त्यांच्या इवल्या पोटात मावेल अशा घासात जास्तीत जास्त ऊर्जा हवी, आणि ती तेल, दूध, अंडं यांतूनच येते. सरकारच्या अमृत आहार योजनेतलं अंडं तिथल्या लेकरासाठी औषधच आहे. अमरावतीत बैठं काम करणाऱ्या पन्नाशीच्या मधुमेही माणसाने मात्र पिवळ्या बलकापेक्षा त्यासोबतच्या लोणी फासलेल्या पावाची जास्त काळजी करावी.