सामाईक विहीर आणि संगणक

मुळशी म्हटले की धो धो पाऊस, भाताची खाचरे आणि टाटांचे धरण डोळ्यांपुढे येते. संगणकाच्या कंपन्यांनी गजबजलेली हिंजवडीही याच तालुक्यात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. मी तिथे सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो. घरची मंडळी विचारतात, ‘‘तू दिवसभर करतोस तरी काय?’’ मग मी त्यांना सामाईक विहिरीचा दाखला देतो.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला आम्ही ‘प्रोसेस’ म्हणतो. प्रत्येक प्रोसेसची मेमरी स्वतंत्र. एकीच्या घरात दुसरीला डोकावता येत नाही. ‘फोर्क’ या आज्ञेने एका प्रोसेसमधून दुसरी जन्मते, पण तीही वेगळी चूल मांडूनच! आईने पुढे वहीत काय लिहिले, ते लेकीला दिसत नाही. निरोप धाडावा, तर दर वेळी मजकुराची नक्कल करण्यात वेळ जातो. म्हणून मेमरीचा एक तुकडा दोघींत सामाईक ठेवतात. ‘एसएचएम ओपन’ने त्याला नाव द्यायचे, ‘एफट्रंकेट’ने त्याचा आकार ठरवायचा आणि ‘एममॅप’ने प्रत्येकीने तो आपल्या घराला जोडून घ्यायचा. विहीर एक, मोटा दोन!

भांडणाला तोंड फुटते ते इथेच. एका पतपेढीत दोन खिडक्यांवरचा भरणा अशाच सामाईक बेरजेत जमा होई. समजा, बेरीज ५,००० आहे. दोन्ही प्रोसेसनी तो आकडा एकाच क्षणी वाचला. एकीने २०० मिळवून ५,२०० लिहिले. लगेच दुसरीने ३०० मिळवून त्यावरच ५,३०० लिहिले. व्हायला हवे होते ५,५००. पेटीत रोकड पुरेपूर, हिशेबात मात्र २०० कमी! नोंद चुकवल्याचा ठपका आला बिचाऱ्या रोखपालावर. शिवाय हे घडे क्वचितच, त्यामुळे खरे कारण लवकर हाती लागेना.

गावात भाऊबंद विहिरीवर पाळी लावतात. संगणकात तेच काम ‘सेमाफोर’ करतो. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात ही युक्ती मांडली. रेल्वेच्या जुन्या, हात वरखाली करणाऱ्या सिग्नलचेही नाव हेच. एका प्रोसेसचे वाचणे, मिळवणे, लिहिणे हे तिन्ही उरकेपर्यंत दुसरीने बाहेर थांबायचे. पतपेढीच्या प्रोग्रॅममध्ये आम्ही ही पाळी बसवली, बेरीज जुळू लागली आणि रोखपालाची मान पुन्हा ताठ झाली.

तरी दोन पथ्ये उरतातच. पाळी चालू असताना एखादी प्रोसेस मध्येच बंद पडली, तर बाकीच्या बाहेर ताटकळत बसतात. त्याची तजवीज आधीच हवी. दुसरे असे, की दोन्ही भाऊ गाव सोडून गेले तरी विहीर जागच्या जागी राहते. सामाईक मेमरीचेही तसेच. ‘एसएचएम अनलिंक’ने नाव काढेपर्यंत किंवा संगणक बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत ती जागा अडवून बसते. म्हणून नवी पोरे उत्साहाने मेमरी सामाईक करायला निघाली, की मी आधी विचारतो, ‘‘पाळी कशी लावलीत? आणि शेवटी विहीर बुजवणार कोण?’’