तीन विहिरी, एक टेप

गावाखाली आणखी एक भूगोल असतो. तिथेही चढ-उतार असतात, खोलगट जागा असतात, आणि तो सगळा पृष्ठभाग पावसाळ्यात वर येतो, उन्हाळ्यात खाली जातो. भूजलाची पातळी ती हीच. 2002 साली अवकाशात गेलेले 'ग्रेस' हे जुळे उपग्रह एकमेकांपासून सुमारे 220 किलोमीटरवर राहून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपत होते. वायव्य भारतातलं भूजल आटतंय, हे त्यांनी वरून ओळखलं! पण त्यांना शेकडो किलोमीटरचा पट्टा एकत्रच दिसायचा. तुमच्या शिवारात पाणी कुठून कुठे चाललंय, हे मात्र अकरावीतली मुलगी शोधू शकते. तिला लागते एक लांब टेप, टोकाला बांधायला वजन आणि खडू.

अकरावीच्या 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' या विषयात प्रकल्प करावाच लागतो. 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' असा विषय घेतला की माहिती आयती मिळते, पण त्यात शोधायला काही उरत नाही. प्रश्न लहान हवा आणि त्याचं उत्तर कुठेही छापलेलं नसावं. ओढ्याकाठच्या तीन विहिरींतलं पाणी कोणत्या दिशेला सरकतं, हा तसा प्रश्न आहे.

आधी मालकाची परवानगी. कागद-पेन घेऊन कुणी विहिरीशी आलं की जमीन जाणार की वीजजोड तुटणार, अशी शंका येतेच. म्हणून पहिल्या दिवशी नुसतं बोलावं. पाणी कधी तळाला जातं, झरा कुठल्या अंगाला आहे, हे त्याच गप्पांत कळतं. एकट्यानं जाऊ नये, आणि कठडा नसलेली विहीर सोडून द्यावी.

मग टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासायचा आणि टोक पाण्यात बुडेपर्यंत सावकाश सोडायचं. कठड्यापाशी आलेला आकडा लिहायचा. टेप वर काढली की ओला झालेला खडू गडद दिसतो. तेवढी लांबी त्या आकड्यातून वजा करायची, जमिनीपासूनची कठड्याची उंचीही वजा करायची. जमिनीपासून पाणी किती खोल, हे सेंटिमीटरपर्यंत हातात येतं. मोटर बंद होऊन बरेच तास झालेले हवेत. शेतीची वीज रात्रपाळीची असेल, तर सकाळची विहीरही उपसलेलीच असते.

टेप खाली जात असताना विहिरीची भिंत बघावी. काळा पाषाण, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र खडक, मधेच एखादा विटकरी पट्टा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक साचले. दोन थरांच्या मधल्या काळात वरचा खडक झिजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून काढली. तो पट्टा म्हणजे ज्वालामुखीची विश्रांती.

आता खरी गंमत. समजा, जमिनीच्या उंचीतून पाण्याची खोली वजा करून तीन विहिरींतल्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची 560, 556 आणि 552 मीटर आली. नकाशावर 560 आणि 552च्या विहिरी रेषेनं जोडा. तिच्या बरोबर मध्यावर पातळी 556 धरता येते. तो बिंदू 556च्या विहिरीला जोडा; या नव्या रेषेवर पाणी सगळीकडे सारख्याच उंचीवर आहे. तिला काटकोनात, 552च्या बाजूला बाण काढा. पाणी तिकडे निघालंय! जमिनीखालचा प्रवाह तीन आकड्यांत सापडतो, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

फक्त जमिनीची उंची फोनवरून घेऊ नये, ती कित्येक मीटरनं चुकू शकते. अभियांत्रिकी महाविद्यालयातून डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, मिळवावी. विहिरी जवळजवळ असतील, तर गवंड्याची पारदर्शक नळीही चालते. शिवाय तिन्ही विहिरींचं पाणी एकाच थरातलं हवं. बाण भलतीकडेच गेला, तर खडकाची चौकशी करावी. धुळे-नंदुरबारकडे तर कठीण दगडाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, जमिनीखाली पाणी अडवून धरतात.

हेच मोजमाप मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर करावं. झिजलेल्या, फटींच्या बेसाल्टमध्ये सुटं होणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम 2 टक्के धरतात. म्हणजे 20 मिलिमीटर पाणी मुरलं की पातळी मीटरभर चढते! उलट, पिकाला एकदा 6 सेंटिमीटर पाणी दिलं, तर तेवढ्याच क्षेत्राखालची पातळी 3 मीटर उतरते. विहीर पावसाळ्यात तुडुंब आणि फेब्रुवारीत कोरडी का, ते या हिशेबात दिसतं.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, पण महाराष्ट्रात गावं 40 हजारांहून जास्त आहेत. शिवारातल्या प्रत्येक विहिरीचा आकडा काही तिच्या वहीत नसतो. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. प्रकल्पाच्या वहीतला तारीखवार तक्ता आपल्या ग्रामसभेतही वाचून दाखवावा, रब्बीची पेरणी ठरायच्या आत.