बैलाला अंगावर घेणारी माणसं

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला आणि २०१४ पासून टांगणीला लागलेला प्रश्न मिटला. शर्यती त्याआधीच, १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर, सुरू झाल्या होत्या. पुणे जिल्ह्यातले घाट, सांगली-साताऱ्याकडची मैदानं, विदर्भ-मराठवाड्यातले शंकरपट, सगळीकडे पुन्हा गुलाल उडाला. या काळात बैलाच्या हालांबद्दल न्यायालयात बरंच बोललं गेलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. मात्र छकड्यावरून पडलेल्या धुरकऱ्याला किंवा बुजलेल्या बैलापुढे सापडलेल्या पोराला वाचवायचं कोणी, हा विषय मागेच राहिला. अमेरिकेतल्या रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या खेळात, हे काम हा स्वतंत्र पेशा आहे. ते करणाऱ्याला तिथे बुलफायटर म्हणतात. स्पेनमधल्या बैलझुंजीशी त्याचा संबंध नाही. या माणसाच्या हातात ना तलवार असते, ना लाल कापड.

आठ सेकंदांनंतरचा धोका

रोडिओतल्या वळूस्वारीचा नियम सोपा आहे. सहा-सातशे किलोंच्या, कधी त्याहून जड वळूच्या पाठीवर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचं. मोकळा हात वळूला किंवा स्वतःला लागला की स्वारी बाद. गुण शंभरपैकी, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे वळूचे, म्हणजे वळू जितका अवघड उसळेल तितके गुण जास्त.

प्रेक्षकांचं लक्ष त्या आठ सेकंदांवर असतं. बुलफायटरचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. स्वार उतरतो, म्हणजे बहुतेक वेळा आदळतो, आणि वळू वळून पाहतो. उठून कुंपण गाठायला स्वाराला दोन-चार सेकंद लागतात. तेवढा वेळ वळूने पडलेल्या माणसाऐवजी आपल्याकडे पाहावं, यासाठी मोठ्या स्पर्धांत दोन किंवा तीन जण मैदानात उभे असतात.

स्वारी पूर्ण झाली म्हणजे स्वार सुटला असं नव्हे. ३० जुलै १९८९ रोजी वायोमिंगमधल्या शायेन इथे लेन फ्रॉस्ट या विश्वविजेत्या स्वाराने आठ सेकंद पूर्ण केले, खाली उतरला आणि वळूच्या ढुशीने प्राणाला मुकला. वय अवघं पंचवीस. त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने त्यानंतर छाती-बरगड्या सांभाळणारं जाड जाकीट तयार केलं. आज मोठ्या स्पर्धांत ते घातल्याशिवाय स्वाराला मैदानात सोडत नाहीत.

विदूषक ते रक्षक

सुरुवातीला हे काम विदूषकाकडे होतं. दोन स्वाऱ्यांच्या मधल्या वेळेत लोकांना हसवायचं आणि गरज पडली की वळूला भुलवायचं. १९२० च्या दशकात रोडिओत ब्रह्मा जातीचे चपळ आणि अंगावर येणारे वळू आले, तेव्हा हसवणं मागे पडलं आणि वाचवणं पुढे आलं. वॉशिंग्टन राज्यातल्या विक पेथ यांनी तर विनोदाचा भाग जवळपास सोडूनच दिला आणि स्वाराला वाचवणं एवढंच आपलं काम मानलं. पुढे दोन्ही कामं वेगळी झाली. लोकांना हसवणारा पिंपात शिरतो आणि रक्षक मोकळा उभा राहतो.

या ब्रह्मा वळूंचं मूळ मात्र आपल्याकडचं. अमेरिकी ब्राह्मण, म्हणजेच ब्रह्मा, ही जात गीर, कांक्रेज, ओंगोल आणि थोड्या प्रमाणात कृष्णाकाठच्या गुरांपासून घडवली गेली. १८५४ ते १९२६ या काळात तिकडे तीनशेपेक्षाही कमी भारतीय वंशाची जनावरं गेली, त्यांत बहुतेक वळूच होते. वशिंड, लोंबती पोळी, उष्ण हवेत टिकण्याची ताकद आणि चपळाई हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं. सांगली-बेळगावच्या काळ्या मातीत औत ओढणाऱ्या जनावरांचं रक्त टेक्सासच्या मैदानात उड्या मारतं आहे, हे आपल्या पशुपालकांना ठाऊक असायला हवं.

मध्ये कसं शिरायचं

बुलफायटरची सगळी विद्या एका गोष्टीवर उभी आहे. वळू सरळ रेषेत माणसापेक्षा कितीतरी वेगात धावतो, पण त्याला लहान जागेत वळता येत नाही. जालना रस्त्यावरचा लांब ट्रेलर जसा छोट्या चौकात अडतो, तसं त्याचं लांब अंग आखूड वळणावर अडतं. म्हणून रक्षक कधीच सरळ पळत नाही. तो वळूच्या फऱ्याजवळ राहून लहान वर्तुळात फिरतो. वळू डोकं वळवून त्याला गाठायला पाहतो, तो पुन्हा आत सरकतो. दूर राहणं सुरक्षित वाटतं, पण या कामात वळूच्या अगदी जवळ राहणंच सुरक्षित असतं.

दुसरा आधार वळूच्या नजरेचा. गुरांचे डोळे बाजूंना असतात. त्यांना आजूबाजूचं खूप मोठं क्षेत्र दिसतं, पण पाठीमागे पट्टाभर काहीच दिसत नाही आणि नाकासमोरच्या वस्तूचं अंतर नीट कळत नाही. लाल रंगाने वळू चवताळतो ही समजूत खोटी. त्याला हलणारी वस्तू खुणावते. म्हणून पडलेल्या स्वारापेक्षा आपण जास्त हलायचं, हाताने वळूच्या तोंडापुढे हूल द्यायची, प्रसंगी कपाळाला हात लावून निघायचं.

सर्वांत बिकट प्रसंग म्हणजे स्वाराचा हात दोरात अडकणं. स्वार वळूच्या कुशीला लोंबकळत फरफटतो. तेव्हा एक रक्षक वळूच्या डोक्यापुढे राहून त्याला गुंतवतो आणि दुसरा कुशीला भिडून दोराचं शेपूट ओढतो. दोराला घंटा बांधलेली असते. पकड सुटली की तिच्या वजनाने दोर आपोआप खाली पडतो. दोघांपैकी एकाचा जरी अंदाज चुकला तर तिघेही सापडतात. एवढं करून रक्षकाकडे साधनं काय असतात? पायात खिळ्यांचे बूट, अंगात पॅड, आणि वरून असे सैल कपडे की शिंग अडकलं तर कापड फाटावं, माणूस ओढला जाऊ नये.

आणि जेव्हा वळू भुलतच नाही, तेव्हा पडलेल्या स्वाराच्या आडवं जाऊन धडक स्वतःच्या अंगावर घ्यायची. या पेशात हा अपवाद मानला जात नाही, कामाचाच भाग मानला जातो. मला त्यातली शूरता तर भावतेच, पण त्यामागची शिस्त अधिक मोठी वाटते.

आपल्या मैदानावर

आपली शर्यत वेगळी आहे. इथे कोणी बैलाच्या पाठीवर बसत नाही. शंकरपटात हलक्या छकड्यावर धुरकरी असतो. पुण्याकडच्या घाटात गाड्यावर माणूस नसतो, पुढे घोडी धावते. धोका दोन जागी जास्त. एक, जुपताना. आवाज, गर्दी आणि शेजारची जोडी यांनी बैल आधीच तापलेला असतो आणि कासरा धरणारे त्याच्या शिंगांपुढेच उभे असतात. दोन, निशाणापलीकडे. जोडी रेषेवर थांबत नाही, पुढे धावतच राहते, आणि तिथेच जिंकलेल्यांचे दोस्त नाचत पुढे आलेले असतात.

या दोन्ही जागी माणसं वाचतात ती जुन्या जाणत्यांमुळे. बैलाने कान कसे टाकले, शेपटी कशी धरली, मान कुठे झुकवली, एवढ्यावरून पुढची हालचाल ओळखणारे म्हातारे आजही आहेत. बुलफायटर वर्षानुवर्षं शिकतो ते हेच. फरक इतकाच की आपल्याकडे ही माणसं तिथे असली तर असतात. त्यांना कोणी नेमलेलं नसतं.

शेंद्र्यासारख्या गावांची अडचण

छत्रपती संभाजीनगरजवळचं शेंद्रा आज ओळखलं जातं ते पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमुळे, स्कोडाच्या कारखान्यामुळे आणि ऑरिक या औद्योगिक शहराच्या रुंद रस्त्यांमुळे. जिथे औतं चालत होती तिथे शेड उभ्या राहिल्या. गावांना रोजगार मिळाला, ते चांगलंच झालं. पण ज्या घरात दावणीला बैल नाही, तिथल्या पोराला बैलाचा स्वभाव कळणार कसा? पोळ्याला तो भाड्याच्या किंवा मातीच्या बैलाला ओवाळतो. हाच तरुण पटाच्या मैदानात मोबाइल उंचावून रेषेच्या आत उभा राहतो, कारण बैल किती वेगात येतो आणि किती उशिरा थांबतो याचा त्याला अंदाजच नसतो. शर्यती परत आल्या, पण बैल ओळखणारी नजर मधल्या काळात विरळ झाली.

यात आणखी एक धागा आहे. नियमांनी काठी, चाबूक, विजेचा शॉक यांना मनाई केली आहे. ती बैलाच्या भल्यासाठी आहेच, माणसाच्याही आहे. मारलेला, घाबरलेला बैल कुठे वळेल हे जाणत्यालाही सांगता येत नाही. जो रेषेवर शेपटी पिरगाळतो, तो निशाणापलीकडे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी पोराला धोक्यात घालतो.

आयोजकांना विनंती

शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्या अर्जाची तयारी करतानाच बैलांच्या सहवासात मुरलेली चार माणसं निवडा. त्यांना मानधन द्या, लांबून ओळखू येईल असा पोशाख द्या, अंगावर जाकीट द्या आणि त्यांचा विमा उतरवा. दोघं जुपण्याच्या जागी, दोघं निशाणापलीकडे. त्यांनी हात वर केला तर जोडी सुटणार नाही, हा अधिकारही त्यांच्याकडे असू द्या. प्रत्येक जाणत्यासोबत गावातला एक तरुण शिकाऊ म्हणून ठेवा. निशाणापलीकडची पट्टी प्रेक्षकांपासून पूर्ण रिकामी ठेवा आणि तिच्या टोकाला आडोसा म्हणून ट्रॉल्या लावा.

प्रेक्षकांनीही एवढं करावं: बैल सुटला तर त्याच्या पुढे सरळ पळू नये, बाजूला होऊन ट्रॉली किंवा झाडाचा आडोसा धरावा. लेकरांना खांद्यावर घेऊन रेषेजवळ जाऊ नये. आणि वर सांगितलेल्या हुलकावण्या कोणीही हौसेने करून पाहू नयेत; त्या शिकायला वर्षं लागतात.