गिरडची वीज, घरातला संगणक आणि अर्थिंगचा खड्डा

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात, शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीपाशी वसलेल्या गिरडसारख्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आले की वीज जाते. परंतु संगणकाला वीज जाण्यापेक्षा ती परत येतानाच अधिक जपावे लागते, कारण त्या क्षणी विद्युतदाब उसळी घेऊ शकतो. घरगुती पुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट असतो. मात्र न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाच्या परतीची तार, रोहित्राजवळ तुटल्यास एखाद्या घरात तो ४०० व्होल्टच्या जवळ पोहोचू शकतो.

लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस कमी-जास्त दाब काही मर्यादेपर्यंत सावरतो आणि वीज जाताच काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, त्यामुळे काम जतन करून संगणक रीतसर बंद करता येतो. लेझर प्रिंटर मात्र त्याला कधीही जोडू नये, कारण त्याचा क्षणिक भार फार मोठा असतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे जादा दाब संगणकापासून दूर वळवणारे उपकरण, चांगल्या अर्थिंगवाचून पुरेसे काम करू शकत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, कोरडी पडते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. म्हणून कोळसा-मीठ भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे.

आकाशात कडकडाट सुरू होण्यापूर्वीच संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची तांब्याची तार, दोन्ही काढून ठेवावीत.