पुस्तक चुकलं की आपण?

कॉम्प्युटर शिकताना अडलं की आपण पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतो. 'आपल्याला जमत नाही, आपलं शिक्षण कमी,' असं म्हणतो. पण कधी कधी पुस्तकच चुकलेलं असतं. ते कसं ओळखायचं आणि कसं दुरुस्त करायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आमच्याकडे नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक होतं आणि त्याच्या मागच्या पाकिटात सरावाची सीडी. सीडीत बचत गटाच्या हिशेबाचा तयार तक्ता होता. आम्ही त्यात आमच्याच गटाची नावं भरली. १२ बायका, प्रत्येकीचे १०० रुपये. वहीत बेरीज १२००, कॉम्प्युटर मात्र ११०० दाखवत होता. बैठकीत सगळ्यांच्या नजरा सचिव ताईंकडे वळल्या. 'कॉम्प्युटर कसा चुकेल?' असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. पेटीतले पैसे सगळ्यांसमोर मोजले, तर ते १२०० च होते. तरी त्या दिवशी ताईंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्ता ओळीओळीने तपासला. बेरजेच्या चौकटीवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत तिचं सूत्र दिसतं. तिथे लिहिलं होतं: सी २ पासून सी १२ पर्यंत बेरीज करा. नावं १२, म्हणून पुस्तक करणाऱ्याने १२ लिहिलं असावं. पण पहिली ओळ मथळ्याची असते. नावं दुसऱ्या ओळीपासून सुरू होऊन तेराव्या ओळीत संपत होती. शेवटच्या बाईचे १०० रुपये बेरजेत येतच नव्हते. सूत्रात १२ चे १३ केले आणि बेरीज जुळली. कॉम्प्युटर स्वतःहून काही ठरवत नाही. सांगितलं तेवढंच करतो, चुकीचं सांगितलं तर चुकीचंही करतो.

मग आम्ही सगळं पुस्तक तपासायला घेतलं. आणखी काय सापडलं ते ऐका.

व्याजाच्या धड्यात कर्जाच्या रकमेला नुसतं २ ने गुणायला सांगितलं होतं. ५००० रुपयांचं महिन्याचं व्याज १०,००० आलं! शेकडा २ म्हणजे २ ने गुणून १०० ने भागायचं. बरोबर उत्तर १०० रुपये. हे आपल्यापैकी कुणीही तोंडी सांगेल. म्हणून पहिला नियम असा, की आधी तोंडी हिशेब करा, मग कॉम्प्युटरचं उत्तर बघा.

तारखेचीही गडबड होती. आपण ०५/०४ लिहितो तेव्हा ५ एप्रिल म्हणतो. कॉम्प्युटर अमेरिकेच्या पद्धतीवर लावलेला असेल तर तो आधी महिना वाचतो आणि ४ मे समजतो. हफ्त्याची तारीख महिनाभर पुढे जाते. मात्र २५/०४ लिहिलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो त्याला तारीखच मानत नाही, आणि ते लिखाण चौकटीत डावीकडे चिकटतं. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रदेश म्हणून भारत निवडला की हा घोळ थांबतो. आधी चुकून भरलेल्या तारखा मात्र पुन्हा तपासाव्या लागतात.

सीडीतली मराठी पत्रं उघडली तर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसत होती. सीडी खराब नव्हती. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आतून इंग्रजीचीच अक्षरं साठवलेली असतात, वरून त्यांना मराठी रूप दिलेलं असतं. तो फाँट आपल्या कॉम्प्युटरवर नसला की रूप उतरतं. युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे वेगळे क्रमांक आहेत, म्हणून पत्र दुसऱ्या कॉम्प्युटरवरही मराठीच राहतं. आम्ही ती पत्रं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली.

आणि पुस्तक म्हणत होतं, 'सीडीवरची फाइल उघडा, बदल करा, सेव्ह करा.' छापील सीडीवर असं सेव्ह होतच नाही. आधी फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करायची, मग तिच्यात काम करायचं.

सगळंच चूक असतं असं मात्र नाही. पुस्तकात 'फाइल' या मेनूवर जा असं होतं, आमच्या कॉम्प्युटरवर तो मेनूच नव्हता. पुस्तक २००३ च्या ऑफिसवर लिहिलेलं आणि आमच्याकडे २००७ चं. त्यात फाइल मेनूच्या जागी डाव्या कोपऱ्यात गोल बटण असतं. ही चूक नव्हे, आवृत्तीचा फरक आहे. पण तोही लिहून ठेवा, म्हणजे पुढची बाई अडणार नाही.

चूक कुणाची हे कसं ठरवायचं? एकीने पुस्तक मोठ्याने वाचायचं, दुसरीने तेवढंच करायचं, मनाने काही नाही. तरी अडलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून बघा. तिथे जमलं तर दोष पहिल्या कॉम्प्युटरच्या मांडणीत. तिथेही तेच झालं तर पुस्तकावर किंवा सीडीवर संशय घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

चूक सापडली की शुद्धिपत्र करा. वहीत रकाने आखा: पान, ओळ, छापलेलं काय, हवं काय, कुणी तपासलं, तारीख. पुस्तकात चुकीवर एकच रेघ मारा आणि समासात बरोबर लिहा. खालचं वाचता आलं पाहिजे. दुरुस्ती दोघींनी करून पाहिल्याशिवाय लिहू नका, नाहीतर एका चुकीवर दुसरी चढते.

मूळ सीडीला हात लावू नका. तिच्यातल्या फाइली कॉपी करून 'दुरुस्त सराव' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथे सुधारा. मग त्या कोऱ्या सीडीवर घ्या, वर तारीख लिहा. जुन्या सीडीवर 'चुका आहेत' अशी खूण करा. शुद्धिपत्राची एक प्रत प्रकाशकालाही पाठवा. तेच पुस्तक दुसऱ्या गावातल्या बायकाही वाचत असतील.

आमच्या केंद्रातलं शुद्धिपत्र आता सचिव ताईच सांभाळतात. पहिल्या ओळीत लिहिलंय: '१२ नव्हे, १३.' नवीन मुली शिकायला आल्या की ताई आधी ती ओळ दाखवतात, मग कॉम्प्युटर सुरू करतात.

तुमच्या गटातही असं काही सापडलं असेल तर वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवा.