काम चालू आहे. मग चालायचं कुठून?

आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत तीनशे पावलं. उन्हाळ्यात तिथे पावसाळी गटाराचं काम निघालं आणि त्या तीनशे पावलांत माझ्या सासूबाईंना चार वेळा फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागायला लागलं. आधी उपसलेल्या मातीचा ढीग, पुढे सिमेंटचे पाइप, त्यापुढे उघडा चर आणि चरावर आडवी टाकलेली एक फळी. फळी जेमतेम वीतभर रुंद. सासूबाई तिच्यापाशी थांबायच्या, काठीचं टोक फळीवर दोनदा ठोकायच्या, कुठे डुगडुगते का ते बघायच्या आणि मग पदर खोचून एकेक पाऊल टाकायच्या. मागे दुचाकीवाला हॉर्न वाजवत असायचा, कारण त्यालाही तिथूनच जायचं असायचं. “किती दिवस चालणार?” असं मी मुकादमांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पंधरा दिवस, ताई.” काम सात महिने चाललं.

त्या सात महिन्यांत शेजारीपाजारी, रिक्षावाले, भाजीवाल्या मावशी, सगळ्यांच्या तोंडून या विषयावरची ठरावीक वाक्यं ऐकली. त्यांतली बरीच मीही आधी बोलत असे. एकेक तपासून बघितलं, तेव्हा त्यांतलं फारसं काही टिकलं नाही.

“चार दिवस कळ काढायची”

सगळ्यात मोठा घोळ याच वाक्यात आहे. पुण्यात विद्यापीठ चौकातले जुने उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडले. मेट्रोसाठी आणि नव्या दुमजली पुलासाठी ते गरजेचं होतं. नव्या पुलाची पहिली बाजू वाहतुकीला खुली झाली ऑगस्ट २०२५ मध्ये. पूल पडले तेव्हा पहिलीत असलेलं मूल तोवर सहावीत गेलं होतं. मुंबईत महापालिकेने रस्त्यांचं काँक्रिटीकरण हाती घेतलं तेच मुळी सुमारे ७०० किलोमीटरचं. एक रस्ता उरकला की शेजारचा खणायला घेतात. त्यामुळे तिथल्या माणसाच्या दृष्टीने काम कधी संपतच नाही.

म्हणजे ज्याला आपण तात्पुरती गैरसोय म्हणतो, तो अनेकांसाठी वर्षानुवर्षांचा रोजचा रस्ता असतो. शाळा, दवाखाना, बसथांबा, सगळं त्याच रस्त्याने गाठायचं. मग त्या तात्पुरत्या वाटेचाही पक्क्या रस्त्यासारखाच विचार व्हायला हवा, आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते-अभियंत्यांची संस्था आपल्याकडच्या रस्त्यांची मानकं ठरवते. काम चालू असलेल्या रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी तिचं वेगळं मार्गदर्शक पुस्तक आहे, आयआरसी एसपी ५५. त्यात कामाच्या जागेचे चार भाग केले आहेत : आधी सूचना देणारा पट्टा, मग वाहनांना हळूहळू बाजूला वळवणारा, मग प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी वाहतूक पुन्हा मूळ जागी आणणारा. पायी चालणाऱ्याला वाहनांपासून आणि कामापासूनही वेगळी, सलग वाट द्यायची, ही अपेक्षाही त्यात आहे. पादचारी सुविधांचं मानक वेगळं, आयआरसी १०३. ते फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागतं. दोन माणसं, त्यांतलं एक चाकाच्या खुर्चीत, एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील एवढी ही जागा.

वीतभर फळी आणि १.८ मीटर. या दोन मापांमधल्या अंतरातून आपली माणसं रोज जातात.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. हा आकडा सगळ्या रस्त्यांचा आहे, फक्त खोदलेल्या रस्त्यांचा नाही. पण माणूस फूटपाथवरून खाली उतरला की तो कुठल्या गर्दीत सामील होतो, हे त्यावरून कळतं.

“पत्रे लावलेत, रिफ्लेक्टर लावलेत, आणखी काय हवं?”

रिफ्लेक्टरची पट्टी म्हणजे दिवा नव्हे, हे आपल्या लक्षातच येत नाही. तिच्यावर ज्या दिशेने उजेड पडतो, त्याच दिशेला ती तो परत पाठवते. गाडीचा दिवा आणि चालकाचे डोळे जवळजवळ एका रेषेत असतात, म्हणून चालकाला ती लखलखीत दिसते. पायी चालणाऱ्याच्या कपाळावर दिवा नसतो. रस्त्यावरचा दिवा बंद असला की त्याच्यासाठी तीच पट्टी अंधाराचाच एक तुकडा होते. खात्री करायची असेल तर रात्री एखाद्या कामाजवळ सुरक्षित जागी उभं राहून बघा. पट्टी मंद, मातकट दिसेल. मग मोबाइलची टॉर्च डोळ्यांच्या अगदी बाजूला धरून तिच्यावर टाका. एकदम पेटल्यासारखी दिसेल. म्हणजे चरात गाडी पडू नये याची सोय झाली, माणूस पडू नये याची झाली नाही. त्यासाठी खराखुरा दिवा लागतो, रात्रभर चालणारा.

लाल-पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचंही तसंच. दोन लोखंडी सळ्यांना बांधलेली ती पट्टी सूचना देते, अडवत नाही. पाय घसरलेल्या माणसाने तिचा आधार घेतला तर ती त्याच्यासकट खाली जाते. आणि दिसत नसलेल्या माणसासाठी तर ती नसल्यातच जमा आहे. पांढरी काठी जमिनीलगत फिरते, पट्टी कमरेच्या उंचीवर असते. काठी पट्टीखालून पुढे निघून जाते आणि सरळ चराच्या काठावर पोचते. कठड्याला तळाशी, जमिनीलगत एक आडवी फळी असली तर काठी तिच्यावर आपटते आणि माणूस थांबतो. एवढ्याशा फळीने जीव वाचतो आणि ती बसवायला पाच मिनिटं पुरतात.

आता उंच पत्र्यांविषयी. पत्रे हवेतच, त्यांच्यामुळे मूल खड्ड्यात डोकावत नाही, खडी उडून अंगावर येत नाही. पण पत्रा आरपार दिसत नाही. जिथे पत्र्यांची रांग संपते किंवा चौकात वळते, तिथे चालकाला पत्र्यामागून येणारा माणूस दिसत नाही आणि माणसाला गाडी दिसत नाही. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे येते. पत्र्याआडून पुढे आलेल्या मुलाला बघून चालकाने ब्रेकवर पाय नेईपर्यंतच तो सेकंद संपलेला असतो. म्हणून कोपऱ्यावरचे शेवटचे काही मीटर तरी जाळीचे असायला हवेत. आपल्या हातात एवढंच आहे : पत्र्याच्या टोकाशी थांबायचं, आधी डोकं पुढे काढून बघायचं, मग पाऊल. आणि मुलाचा हात धरताना मूल पत्र्याच्या बाजूला, आपण गाड्यांच्या बाजूला.

“आज काम बंद आहे, मग भीती कसली?”

काम बंद असलेला दिवस उलट जास्त जपायचा. कामाच्या वेळी निदान मुकादम ओरडतो, झेंडा घेतलेला माणूस उभा असतो. रविवारी तिथे कुणी नसतं, पण चर असतो.

मुळात “बंद” दिसणारं काम पुष्कळदा बंद नसतंच. काँक्रीटचा रस्ता ओतला की त्याच्यावर वाफे करून किंवा ओली गोणपाटं घालून साधारण १४ दिवस पाणी धरतात आणि गाड्यांना सोडायला २८ दिवसांच्या आसपास थांबतात, कारण काँक्रिटला पुरती ताकद यायला तेवढा वेळ लागतो. ठेकेदार झोपलाय म्हणून आपण चिडतो, ते या दिवसांत उगाच. मात्र त्या महिनाभरात शेजारून चालायची वाट तयार ठेवणं हे त्याचंच काम आहे, आणि तो आग्रह आपण सोडायला नको.

उघड्या चराचा काठ हीही फसवी जागा. वरून टणक दिसतो. आतून पाणी मुरलेलं असतं. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या पुढे जातं आणि उपसलेला ढीग काठालाच लावला असेल तर त्याचाही भार त्याच काठावर. चराच्या खोलीइतकं अंतर तरी राखून चालावं, आणि तेवढी जागा नसेल तर दुसरी बाजू गाठावी.

पावसात साचलेलं पाणी सगळं सपाट करून टाकतं. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई तुंबली होती, त्या दिवशी एक नामवंत डॉक्टर पाण्यातून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी लवकर ओसरावं म्हणून झाकण उघडलेलं होतं. त्या घटनेनंतरही अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. आपल्या सोसायटीपुढे पाणी तुंबलं म्हणून झाकण उघडायचा मोह होतो. कृपा करून ते करू नका, आणि कुणी उघडलंच तर तिथून हलू नका, येणाऱ्याला हाक मारून अडवा. खोदलेल्या रस्त्यावर पाणी असेल तर आधी काठी किंवा छत्रीचं टोक, नंतर पाय.

“रस्त्याने डाव्या बाजूने चालावं”

शाळेत शिकवलेलं हे वाक्य फूटपाथ असेल तिथपर्यंत ठीक. फूटपाथ उखडलेला असताना डावीकडून चाललं की गाड्या पाठीमागून येतात. उजवीकडून चाललं तर त्या समोर दिसतात आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो.

ओलांडतानाची सवयही कामाच्या रस्त्यावर दगा देते. मधे दुभाजक असला की आपण एकाच बाजूला बघून अर्धा रस्ता ओलांडतो. पण निम्मा रस्ता खणला की उरलेल्या निम्म्यातून दोन्हीकडची वाहतूक सोडतात, आणि तीही कधी रातोरात. डोळे जुन्या सवयीने उजवीकडेच बघत राहतात आणि गाडी डावीकडून येते. वयस्क माणसांना याचा फटका जास्त. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे १२ मीटरचा रस्ता त्याला दहा सेकंदांचा. सासूबाईंना तोच पंधराचा. त्या जास्तीच्या पाच सेकंदांत ताशी ४० ने येणारी गाडी पंचावन्न मीटर जवळ येते.

“डंपरवाल्याला आपण दिसतोच की”

नाही दिसत. डंपर, सिमेंटचा मिक्सर, पोकलेन यांच्या अगदी पुढ्यात, डाव्या अंगाला आणि मागे मोठा टापू असा असतो की तिथलं माणूस चालकाला दिसत नाही. त्याच्या आरशात त्याचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. रिव्हर्सचा आवाज आला की गाडीच्या मागून झटकन निघून जाणं नको. मागे उभं राहून शिट्टी मारणारा माणूस नसेल तर तसं तिथल्या माणसाला स्पष्ट सांगावं. रागावून नको, पण सांगावं.

“पडला तर चूक त्याचीच, बघून चालायला काय झालं होतं?”

हे वाक्य मला सगळ्यात लागतं, कारण ते पडलेल्या माणसालाच ऐकवलं जातं आणि तो गप्प बसतो. कायदा असं म्हणत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आलं : रस्ता बांधताना किंवा राखताना ठरवून दिलेली सुरक्षेची मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कामापुढे ही रक्कम फार अपुरी आहे असं माझं मत आहे. पण जबाबदारी कुणाची हे त्यात नाव घेऊन लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली.

तक्रार करून काही होत नाही, हा समज त्याच्यामागोमाग येतो. “रस्ता खराब आहे” अशी तक्रार केली तर खरंच काही होत नाही, कारण तिच्यात धरायला काही नसतं. जागा नेमकी हवी, तारीख-वेळ हवी, फोटो हवा, आणि शक्यतो माप हवं. कामावर फलक असेल तर त्यावरचं कामाचं नाव आणि मुदत उतरवून घ्यावी. मुंबईत १९१६ हा क्रमांक आहे, पुण्यात पीएमसी केअर आहे. बाकी गावांत क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालयातले कनिष्ठ अभियंता. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.

मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गेले होते. फळी नऊ इंच, चर साडेचार फूट खोल, कठडा नाही, दिवा नाही. टेप लावलेल्या फळीचा फोटो, शेजारी सासूबाईंची काठी, आणि खाली दोन ओळी : मानकाप्रमाणे वाट १.८ मीटर, इथे ०.२३. पहिल्या तक्रारीला उत्तर आलं नाही. दुसरीवर शेजारच्या अकरा घरांनी सह्या केल्या. नवव्या दिवशी सकाळी चरावर लोखंडी प्लेट आली, दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा आणि एका खांबाला पिवळा दिवा. रुंदी मी मोजली, चार फूट भरली. मानकाला अजून दोन फूट कमीच. सासूबाई त्या दिवशी औषधाला निघाल्या, प्लेटपाशी आल्या, सवयीने काठी दोनदा ठोकली. लोखंड खणकन वाजलं. मग एका हाताने कठडा धरून त्या न थांबता पलीकडे गेल्या.